टेलिमेडिसिन सेवेत डॉक्टरांना सामावून घेताना: अर्जापासून पहिल्या सल्ल्यापर्यंत

दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णाला डॉक्टर पारखायला बरेच आधार असतात. दारावरची पाटी, भिंतीवर लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र, कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं त्याचं मत. व्हिडिओवर यातलं काहीच नसतं. रुग्णाला दिसतं एक नाव, एक फोटो आणि नावापुढची पदवी, आणि या तिन्ही गोष्टी तिथे आपण टाकलेल्या असतात. त्यामुळे हा माणूस खरोखर तोच आहे का, त्याला रुग्ण तपासायची कायदेशीर परवानगी आहे का आणि हात न लावता रुग्ण तपासणं त्याला जमतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं सेवा चालवणाऱ्यानेच मिळवायची असतात. ‘डॉक्टरांनी स्वतःच प्रमाणपत्र पाठवलं होतं’ हा खुलासा पुढे कुणीही ऐकून घेत नाही.

भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स जाहीर झाल्या. त्यांत ही जबाबदारी प्लॅटफॉर्मवर स्पष्ट शब्दांत टाकलेली आहे. डॉक्टर नोंदणीकृत आहे याची यादीत घेण्याआधी खातरजमा करायची, प्रत्येकाचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि संपर्क रुग्णाला उपलब्ध ठेवायचा, तक्रारीची सोय करायची. नियम मोडल्यास प्लॅटफॉर्म काळ्या यादीत जाऊ शकतो. इतर देशांत कायद्याची भाषा वेगळी असली तरी कामाचा गाभा हाच आहे. नव्या किंवा लहान सेवेत हे काम ज्यांच्या अंगावर आलं आहे, त्यांच्यासाठी ते कोणत्या क्रमाने करायचं हे पुढे मांडतो.

आधी सेवेची हद्द आखा

डॉक्टर शोधण्याआधी एका पानावर लिहून काढा: कोणत्या तक्रारींसाठी सल्ला देणार, कोणत्या वयोगटाला, फक्त व्हिडिओवर की फोन आणि चॅटवरही, औषधं लिहून देणार का, आणि रुग्ण कुठे बसलेला असेल. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि घाईत सुटतो तोही हाच.

बहुतेक कायद्यांत उपचार घडतात ते रुग्ण जिथे आहे तिथे, असं धरलं जातं. डॉक्टर कुठल्या खुर्चीत बसला आहे याला दुय्यम महत्त्व आहे. अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना सर्वसाधारणपणे लागतो. म्हणून तिथे एकेका डॉक्टरकडे अनेक राज्यांचे परवाने असतात. ते मिळवणं सोपं व्हावं यासाठी इंटरस्टेट मेडिकल लायसन्शर कॉम्पॅक्ट ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. तिच्यातून एकच सामाईक परवाना मिळतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अर्जाचा रस्ता तेवढा एक होतो, परवाना प्रत्येक राज्याचा वेगळाच राहतो. भारतात हा प्रश्न सोपा आहे. राज्य वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातून दूरस्थ सल्ला देऊ शकतो. पण परदेशात असलेल्या रुग्णाला सल्ला द्यायचा झाला की त्या देशाचे नियम लागू होतात. तेव्हा ‘रुग्ण देशाबाहेर असेल तर काय’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नाही म्हणायचं असेल तर तो नकार सॉफ्टवेअरमध्येच बसवा, डॉक्टरच्या आठवणीवर सोडू नका.

याच पानावर दुसरी नोंद करा: कोणत्या व्यवसायाचे लोक घेणार आणि प्रत्येकाची नियामक संस्था कोणती. भारताच्या या गाइडलाइन्स ॲलोपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. दंतवैद्यक, आयुष, परिचारिका यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे असते. ‘सगळे डॉक्टरच’ म्हणून एकच अर्ज आणि एकच यादी केली की पहिली चूक तिथेच होते. प्रत्येक व्यवसायाची यादी वेगळी ठेवा.

अर्ज आणि कागद

अर्ज लांब असायला हरकत नाही, पण एकदाच भरून घ्या. तोच तोच तपशील तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा मागितला की चांगला डॉक्टर कंटाळून निघून जातो. साधारण हे लागतं:

- सरकारी ओळखपत्र आणि अलीकडचा फोटो
- मूळ पदवी, पदव्युत्तर पदवी, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला
- परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, अतिरिक्त पात्रतेच्या नोंदणीचा कागद
- महिना आणि वर्ष लिहिलेला कामाचा इतिहास
- व्यावसायिक दायित्व विम्याची पॉलिसी
- नाव बदललं असल्यास त्याचा पुरावा
- दोन संदर्भ, दोघेही त्याच क्षेत्रातले आणि अर्जदाराचं काम अलीकडे पाहिलेले

याशिवाय दोन गोष्टींवर सही हवी. पहिली म्हणजे पडताळणीची परवानगी: परिषद, विद्यापीठ, जुनं रुग्णालय, विमा कंपनी यांच्याकडे आम्ही चौकशी करू शकतो. ही परवानगी नसेल तर पुढे कुणीही माहिती देणार नाही आणि देऊही नये. दुसरं म्हणजे स्वयंघोषणा. परवाना कधी निलंबित झाला का, परिषदेपुढे तक्रार आहे का, निष्काळजीपणाचा दावा झाला का, रुग्णालयाने कधी अधिकार काढून घेतले का, सुरक्षित काम करण्यात अडथळा येईल अशी काही अडचण सध्या आहे का. ‘हो’ असं उत्तर आलं म्हणून अर्ज बाद करू नका. डॉक्टरवर तक्रार होणं आणि डॉक्टर वाईट असणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाद करण्यासारखं आहे ते खोटं ‘नाही’, आणि स्वयंघोषणा घ्यायची ती त्यासाठीच.

कामाच्या इतिहासातल्या मोकळ्या जागा बघा. सहा महिन्यांहून मोठी जागा असेल तर विचारा, वर्षाहून मोठी असेल तर लेखी घ्या. बाळंतपण, परीक्षेची तयारी, घरातलं आजारपण अशी उत्तरं सर्रास येतात आणि ती मान्य करण्यात काही अडचण नसते. विचारताना संशयाचा सूर लावू नका. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो, एवढं आधी सांगितलं की पुरतं.

ओळख: माणूस आणि कागद एकच आहेत का

नोंदणी क्रमांक खरा निघतो, पदवी खरी निघते आणि अर्ज करणारा मात्र भलताच असतो. तोतयेगिरीची ही सर्वांत सोपी रीत आहे, कारण डॉक्टरांचे क्रमांक जाहीर असतात. कुणीही ते नोंदवहीतून उचलू शकतं, जुन्या प्रिस्क्रिप्शनवरूनही उतरवू शकतं. क्रमांक बरोबर आहे यावरून इतकंच कळतं की असा एक डॉक्टर अस्तित्वात आहे.

म्हणून थेट व्हिडिओ कॉल करा, ओळखपत्र हातात धरायला सांगा आणि चेहरा जुळवा. मग डॉक्टरशी एक संपर्क स्वतंत्र मार्गाने साधा. अर्जात दिलेल्या मोबाइलवर नव्हे, तर तो जिथे काम करतो असं सांगतो त्या रुग्णालयाच्या जाहीर क्रमांकावर फोन करून त्याच्यापर्यंत पोहोचा. मोबदल्यासाठी दिलेलं बँक खातं त्याच्याच नावाचं आहे ना तेही पाहा. तोतयाला नाव उसनं घेता येतं, खातं सहसा घेता येत नाही.

मूळ स्रोताकडून पडताळणी

सगळ्या कामाचा कणा हा आहे. नियम एकाच वाक्यात सांगता येतो: ज्याने कागद दिला त्याच्याकडूनच कागद खरा असल्याचं कळलं पाहिजे. अर्जदाराने पाठवलेली प्रत, नोटरीचा शिक्का मारलेली असली तरी, फक्त काय तपासायचं ते सांगते. तपासणी तुम्ही परिषदेकडे, विद्यापीठाकडे, विमा कंपनीकडे करायची.

भारतातल्या एका नोंदीवर हे प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहू. समजा, अर्जात नोंदणी क्रमांक, परिषदेचं नाव आणि नोंदणीचं वर्ष आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये शोध घेताना नुसता क्रमांक टाकून थांबू नका. प्रत्येक राज्य परिषद आपले क्रमांक स्वतंत्रपणे देते, त्यामुळे तोच आकडा दोन राज्यांत दोन वेगळ्या डॉक्टरांचा असू शकतो. क्रमांक, परिषद आणि वर्ष अशी तिन्ही मिळून एक ओळख होते. नोंद सापडली की नाव अक्षर अक्षर वाचा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांच्या नावाऐवजी फक्त आद्याक्षर, स्पेलिंगमधला एखादा फरक हे नेहमीचंच आहे. त्यासाठी नावबदलाचा कागद किंवा प्रतिज्ञापत्र फाइलला लागलं की प्रश्न मिटतो. पण वडिलांचं नाव किंवा पदवीचं वर्ष जुळत नसेल तर तिथे थांबायचं.

आता वर्षांची वजाबाकी करा. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. कायम नोंदणी इंटर्नशिप संपण्याआधीची दिसली, किंवा तीन वर्षांची एमडी एमबीबीएसनंतर वर्षभरातच पदरात पडलेली दिसली, तर कुठेतरी चूक आहे. टंकलेखनाची असेल, खोटेपणाचीही असेल. पाच मिनिटांची ही वजाबाकी महागड्या सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी पकडते.

त्यानंतर पदव्युत्तर पात्रता. नोंदवहीत फक्त एमबीबीएस आहे आणि प्रोफाइलवर ‘त्वचारोगतज्ज्ञ’ लिहायची मागणी आहे, अशी उदाहरणं भरपूर येतात. पदवी खरी असेलही, पण अतिरिक्त पात्रता परिषदेकडे वेगळी नोंदवावी लागते. ती नोंद होईपर्यंत प्रोफाइलवर विशेषज्ञ लिहू नका. काही आठवड्यांचे अभ्यासक्रम, फेलोशिप, परदेशी संस्थांची सदस्यत्वं यांची अक्षरं नावापुढे लावायचा आग्रह होतो. मान्यताप्राप्त पात्रता तेवढीच लिहायची, आणि हा नियम सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरलाही लावायचा. परदेशातून एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन आलेल्यांची स्क्रीनिंग परीक्षा आणि इथली नोंदणी दोन्ही तपासा.

केंद्रीय नोंदवही राज्याच्या नोंदींच्या मागे राहू शकते. तिथे नाव दिसत नाही म्हणून लगेच नकार देऊ नका, आणि तिथे दिसतं म्हणून निश्चिंतही राहू नका. नूतनीकरणाची सद्यस्थिती राज्य परिषदेकडून घ्या. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हे राहून गेलेले डॉक्टर तुमच्याकडे येणार हे गृहीत धरा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीतली नोंद हा चांगला पूरक आधार आहे, पण परिषदेच्या नोंदीऐवजी तिला चालवू नका.

इतर देशांतल्या डॉक्टरांसाठी साधनं वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. तिथे ‘नोंदणी आहे’ आणि ‘व्यवसायाचा परवाना आहे’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. पहिली असून दुसरी नसलेला डॉक्टर रुग्ण तपासू शकत नाही. अमेरिकेत राज्याच्या मंडळाबरोबर नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक पाहिली जाते. १९९० पासून तिथे निष्काळजीपणाच्या दाव्यांत दिलेली नुकसानभरपाई आणि परवान्यावरच्या कारवाया नोंदल्या जातात. ती सगळ्यांना खुली नाही, पात्र संस्थांनाच चौकशी करता येते. औषधांपैकी नियंत्रित औषधं लिहायची असतील तर अशा औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या डीईए या केंद्रीय संस्थेची नोंदणी वेगळी. सरकारी योजनांतून वगळलेल्या व्यक्तींची यादीही तिथे तपासावी लागते.

प्रत्येक तपासणीची नोंद फाइलमध्ये अशी हवी की तुम्ही नोकरी सोडल्यानंतर आलेल्या माणसालाही कळावी: काय तपासलं, कुठे तपासलं, कोणत्या तारखेला, कुणी, आणि काय दिसलं. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जोडा. फोनवरून खात्री केली असेल तर बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहा. ‘व्हेरिफाइड’ असा नुसता शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. आणि पडताळणी शिळी होते. अमेरिकेत आरोग्यसेवांचा दर्जा तपासणाऱ्या एनसीक्यूए या संस्थेने, तिने अधिस्वीकृती दिलेल्या संस्थांसाठी पडताळणी ग्राह्य धरण्याची मुदत २०२५ मध्ये १८० दिवसांवरून १२० दिवसांवर आणली. तुम्हाला तो निकष लागू नसला तरी स्वतःची एक मुदत ठरवा. चार महिन्यांपूर्वी तपासलेला आणि अजून कामावर न आलेला डॉक्टर पुन्हा तपासायचा.

विमा

पॉलिसी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ती उघडून वाचा. दूरस्थ सल्ला तिच्यात समाविष्ट आहे का? बऱ्याच जुन्या पॉलिसी दवाखान्याच्या पत्त्याशी बांधलेल्या असतात. रुग्ण ज्या प्रदेशात असणार तो प्रदेश धरला आहे का? आणि पॉलिसी कुठल्या पद्धतीची आहे? घटना पॉलिसीच्या काळात घडली आणि दावाही त्याच काळात आला तरच संरक्षण, अशी पद्धत असेल तर डॉक्टर तुमची सेवा सोडून विमा बंद करतो त्या दिवशी जुने सल्ले उघडे पडतात. त्यानंतरच्या दाव्यांसाठीचं वाढीव संरक्षण कोण घेणार, डॉक्टर की सेवा, हे करारात लिहा. सेवेने गट विमा काढला असेल तर प्रत्येक डॉक्टरचं नाव त्यात केव्हा चढलं ती तारीख पाहा. पहिला सल्ला त्या तारखेनंतरचाच हवा.

निर्णय कुणाचा

फाइल पूर्ण झाली की ती भरती करणाऱ्या विभागाकडे निर्णयासाठी जाऊ नये. त्यांच्यावर जागा भरण्याचं दडपण असतं आणि ते स्वाभाविक आहे. निर्णय वैद्यकीय प्रमुखाचा, आणि शक्य असेल तर दोन-तीन डॉक्टरांच्या समितीचा असावा. लहान सेवेत समिती म्हणजे वैद्यकीय प्रमुख आणि बाहेरचा एक अनुभवी डॉक्टर, एवढंही चालतं. लेखी निर्णय, कारण आणि तारीख मात्र हवीच.

समितीपुढे खरा प्रश्न ‘घ्यायचं की नाही’ एवढाच नसतो. ‘कशासाठी घ्यायचं’ हा जास्त महत्त्वाचा असतो. एखादे बालरोगतज्ज्ञ तुमच्याकडे फक्त बालरुग्ण बघणार की रात्रपाळीत प्रौढांचे फोनही घेणार? मानसोपचाराची औषधं कोण लिहू शकेल? नवजात बाळ, गरोदर स्त्री, आत्महत्येचे विचार सांगणारा रुग्ण, यांना कोण बघेल आणि कुणी सरळ पुढे पाठवायचं? प्रत्येक डॉक्टरसाठी ही कार्यकक्षा लिहा आणि वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच बसवा. कागदावर एक आणि अपॉइंटमेंटमध्ये दुसरं असेल तर कागदाचा काही उपयोग नाही.

डॉक्टर एखाद्या मोठ्या रुग्णालयाचे असतील आणि तिथे त्यांची पूर्ण पडताळणी आधीच झाली असेल, तर तीच ग्राह्य धरायची सोय काही ठिकाणी आहे. अमेरिकेत सरकारी आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय संस्थेने २०११ मध्ये रुग्णालयांना तशी परवानगी दिली. दोन संस्थांमध्ये लेखी करार हवा, दूरच्या, म्हणजे डॉक्टर जिथले आहेत त्या संस्थेची पद्धत निकषांत बसणारी हवी आणि सल्ला घेणाऱ्या रुग्णालयाने डॉक्टरच्या कामाचा आढावा तिला कळवायचा, अशा या परवानगीच्या अटी आहेत. वेळ वाचतो हे खरं. तरीही परवाना आणि ओळख या दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात असं माझं ठाम मत आहे. त्याला फार तर अर्धा तास लागतो.

नकार द्यावा लागला तर कारण सांगा आणि बाजू मांडायची संधी द्या. नोंदवहीतली चूक परिषदेचीही असू शकते.

करार

वकील मसुदा करतील, पण चार मुद्दे तुम्ही स्वतः बघा. परवान्याच्या स्थितीत बदल झाला, तक्रार झाली किंवा विमा संपला तर डॉक्टरने किती दिवसांत कळवायचं. वैद्यकीय निर्णयात सेवेने ढवळाढवळ करायची नाही. मोबदला औषधांच्या संख्येशी किंवा ठरावीक लॅबच्या चाचण्यांशी जोडायचा नाही. आणि रुग्णाची माहिती डॉक्टरने स्वतःच्या फोनमध्ये किंवा खासगी चॅटवर ठेवायची नाही.

यातल्या दुसऱ्या मुद्द्याला खरी कसोटी पुढे येते. ‘सरासरी सल्ला सहा मिनिटांत संपवा’ असा आदेश कुणीतरी काढतो आणि मग कराराची ओळ डॉक्टरला दाखवता येते.

प्रशिक्षण आणि सरावाचा सल्ला

तीस वर्षं ओपीडी चालवलेले डॉक्टरही पडद्यासमोर नवखे असतात, आणि हे त्यांना सन्मानाने सांगता आलं पाहिजे. सॉफ्टवेअरची बटणं तासाभरात शिकून होतात. शिकवायचं असतं ते दुसरंच.

भारतातल्या सेवेसाठी गाइडलाइन्समधली औषधांची विभागणी तोंडपाठ हवी. ओ यादीतली, म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या औषधांसारखी साधी औषधं कुठल्याही माध्यमातून लिहिता येतात. ए यादीतली पहिल्या सल्ल्यात लिहायची तर व्हिडिओ हवा. बी यादी आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाच्या फेरतपासणीत जोड म्हणून. औषधविषयक नियमांच्या शेड्यूल एक्समधली आणि अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालची औषधं दूरस्थ सल्ल्यात लिहायचीच नाहीत. ‘पहिला सल्ला’ कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: रुग्ण नवा असेल, शेवटच्या सल्ल्याला सहा महिन्यांहून जास्त झाले असतील किंवा तक्रार वेगळी असेल, तर तो पहिलाच. रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर संमती गृहीत धरता येते. आरोग्यसेवक, नातेवाईक किंवा डॉक्टरने सुरुवात केली तर ती स्पष्टपणे घेऊन नोंदवावी लागते. लहान मुलासोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि त्या प्रौढाची ओळखही पटवायला हवी. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने स्वतः सल्ला किंवा औषध द्यायचं नाही. ते डॉक्टरला मदत करू शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही.

हे सगळं व्याख्यानात सांगून राहत नाही, म्हणून सरावाचा सल्ला घ्या. तुमच्यातला एक जण रुग्ण होतो. सुरुवातीला ॲसिडिटीची तक्रार सांगतो, दोन मिनिटांनी सहज म्हणतो की डावा खांदाही जरा दुखतोय आणि घाम सुटलाय. पाहायचं ते हे: डॉक्टरने बोलणं तिथे थांबवलं का? ‘तुम्ही आत्ता नेमके कुठे आहात, जवळ कोण आहे?’ हे सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं का? कॉल तुटला तर परत लावायला दुसरा क्रमांक घेतला होता का? रुग्णवाहिका बोलावेपर्यंत कॉल चालू ठेवला का? निदान किती अचूक केलं याला इथे गुण नाहीत. ‘हे पडद्यावर हाताळायचं नाही’ असं वेळेवर आणि रुग्णाला न घाबरवता सांगता येणं, या कामाचं सर्वांत मोठं कौशल्य आहे.

त्याच सत्रात इतर गोष्टीही दिसतात. डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघतात की टाइप करत राहतात, मागून कुणी ये-जा करतं का, सल्ल्यानंतरची नोंद दुसऱ्या डॉक्टरला वाचून कळेल अशी आहे का. दूरस्थ तपासणीत काय तपासता आलं नाही तेही नोंदीत लिहायची सवय लावा. ‘पोट दाबून पाहता आलं नाही, दुखणं वाढल्यास प्रत्यक्ष तपासणीस सांगितलं’ एवढी ओळ रुग्णालाही वाचवते आणि डॉक्टरलाही.

खातं उघडणं आणि पहिले सल्ले

लॉगिन द्यायचं ते फाइल बंद झाल्यावरच. ‘एक कागद यायचा आहे, तोवर चालू करू’ ही सवलत एकदा दिली की तीच पद्धत बनते. सॉफ्टवेअरमध्ये परवाना आणि विमा यांच्या मुदतीच्या तारखा असाव्यात आणि तारीख उलटली की नवीन अपॉइंटमेंट आपोआप बंद व्हावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की लॉगिन सहायकाला द्यायचं नाही. डॉक्टरच्या नावाने दुसराच कुणी रुग्णाशी चॅट करत असेल तर वर केलेली सगळी पडताळणी वाया गेली.

सुरुवातीच्या आठवड्यांत सल्ल्यांची संख्या कमी ठेवा आणि त्यांच्या नोंदी वरिष्ठ डॉक्टरकडून वाचून घ्या. प्रतिजैविकांचा वापर, पुढे पाठवायचं प्रमाण, धोक्याची सूचना देणाऱ्या लक्षणांची विचारपूस यांवर अभिप्राय द्या. मग नेहमीच्या आढाव्यात सामील करा.

पुढची देखरेख

पडताळणी झाली त्या दिवशीचं ते चित्र असतं. दुसऱ्या दिवशी परवाना निलंबित होऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या डॉक्टरांची परवाना स्थिती आणि कारवायांच्या याद्या तपासा. मुदत संपण्याआधी नव्वद, साठ आणि तीस दिवस आठवण जाऊ द्या. पूर्ण फेरपडताळणी किमान दर तीन वर्षांनी एकदा करा. अमेरिकेत हाच कालावधी रूढ आहे. फेरपडताळणीत नव्याने कागद जमवण्यापेक्षा आधीच्या काळातलं काम महत्त्वाचं: रुग्णांच्या तक्रारी, नोंदींची गुणवत्ता, औषध लिहिण्याच्या सवयी. पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत ‘ऐकूनच घेतलं नाही’ असं लिहिलं असेल तर ते समितीपुढे यायला हवं, मग परवाना कितीही स्वच्छ असो.

पडताळणीच्या फाइलमध्ये डॉक्टरची अतिशय खासगी माहिती असते, तिच्याशी संबंध नसलेल्या कुणाला ती दिसू नये. भारतात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत तीही येते. रुग्णांची माहिती तेवढी जपायची आणि डॉक्टरांची ओळखपत्रं ईमेलवर फिरत ठेवायची, असं चालत नाही.

डॉक्टर सेवा सोडतात किंवा त्यांना थांबवावं लागतं, त्या दिवशीची यादीही आधीच तयार ठेवा. लॉगिन आणि प्रिस्क्रिप्शनची डिजिटल सही त्याच तासाला बंद. प्रोफाइल उतरवा, पण त्यांनी दिलेले सल्ले आणि प्रिस्क्रिप्शनं रुग्णाला दिसत राहू द्या. पुढच्या अपॉइंटमेंट असलेल्या प्रत्येक रुग्णाला फोन करा आणि दुसऱ्या डॉक्टरची वेळ द्या. ज्यांची औषधं संपत आली आहेत किंवा ज्यांचे तपासणी अहवाल यायचे आहेत, त्यांची नावं आधी काढा, कारण अशा वेळी बंद झालेल्या खात्यात येऊन पडलेला अहवाल कुणीच वाचत नाही. परवाना रद्द झाल्यामुळे थांबवलं असेल, तर रद्द झाल्याच्या तारखेपासून आजपर्यंत त्यांनी पाहिलेला प्रत्येक रुग्ण दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पाहायचा.